एवढ्या वसाहती झाल्यावर पॅलेस्टाईनचं राष्ट्र उभं राहणार कुठे?

सह्यवारा | २३ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:१०

परवा ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल आणि काल फ्रान्स. पॅलेस्टाईनला मान्यता देणारे देश आता दीडशेच्या वर गेले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्धे खूश आहेत, अर्धे खवळलेत. पण ज्या जमिनीवर हे राष्ट्र व्हायचंय त्या जमिनीबद्दल कोणी बोलतच नाहीये, म्हणून हा धागा.

गेल्या महिन्यात इस्रायलने ई-१ नावाच्या पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांना मंजुरी दिली. पूर्व जेरुसलेम आणि मआले अदुमिम ही मोठी वसाहत (म्हणजे जिंकलेल्या भागात बसवलेली इस्रायली वस्ती) यांच्यामधला हा पट्टा, जेमतेम बारा चौरस किलोमीटरचा. तो बांधून भरला की रामल्ला आणि बेथलेहेम यांना जोडणारी जेरुसलेमलगतची मोकळी जागा संपली, आणि पूर्व जेरुसलेम बाकीच्या वेस्ट बँकेपासून (१९६७ च्या युद्धात इस्रायलने जिंकलेला पॅलेस्टिनी भाग) तुटलं. अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी ते लपवलंही नाही. या योजनेने पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पना गाडली जाते, असं ते उघड म्हणाले. त्याआधी मे महिन्यात २२ नव्या वसाहती मंजूर झाल्या होत्या.

१९९३ ला इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमध्ये ओस्लो करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत एक लाख दहा हजारांच्या आसपास सेटलर, म्हणजे वसाहतींत राहणारे इस्रायली, होते. आज ते पाच लाखांच्या घरात आहेत, पूर्व जेरुसलेममधले दोन लाखांहून जास्त वेगळे. म्हणजे वाटाघाटी सुरू असतानाच आकडा चौपट झाला.

माझं मत सरळ आहे. बांधकाम थांबवायला भाग पाडणार नसाल तर मान्यतेचा कागद देऊन पॅलेस्टिनी माणसाच्या हाती काही पडत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मधुरा_ठा | ९:४२

वाचतेय. नकाशा कोणाकडे असेल तर टाका ना. मला ई-१ म्हणजे एखादी इमारत वाटली होती.

दत्ता_नगरकर | १०:२५

सह्यवारा, आकडे बरोबर आहेत, पण मांडणी एका बाजूची झाली. वसाहती हाच सगळा अडथळा असता तर गाझाचं काय?

२००५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांनी गाझातल्या एकूण एक, म्हणजे २१ वसाहती उठवल्या. स्वतःच्याच सैनिकांनी स्वतःच्याच लोकांना सिनेगॉगमधून हाताला धरून, उचलून बाहेर काढलं. ती दृश्यं टीव्हीवर पाहिलेला इस्रायली मतदार आजही ती विसरलेला नाही. त्यानंतर काय झालं? २००६ ला हमास निवडणूक जिंकली, २००७ ला गाझा ताब्यात घेतलं, रॉकेट सुरू झाली. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ पळवून नेली. वेस्ट बँक तर तेल अवीवच्या उशाशी आहे. तिथे पुन्हा तोच प्रयोग करा, असं त्या मतदाराला सांगायला कोणता पुढारी धजावेल?

शिवाय १९४७ ची संयुक्त राष्ट्रांची पॅलेस्टाईनच्या फाळणीची योजना अरब बाजूने नाकारली. २००० च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी वेस्ट बँकेचा ९४ ते ९६ टक्के भाग देऊ केला, २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्टनीही जवळपास तेवढा देऊ केला. दोन्ही वेळा गाडी पुढे सरकली नाही. याचीही जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

सह्यवारा | १०:५८

दत्ताकाका, ७ ऑक्टोबरला जे झालं त्याला कशाचंच समर्थन नाही, यावर आपलं एकमत आहे. पण २००५ ची गोष्ट अर्धीच सांगून चालणार नाही. गाझातून आठ-नऊ हजार लोक हलवले गेले, त्याच काळात वेस्ट बँकेत बांधकाम चालूच होतं. गाझा सोडलं तेही कोणाशी करार करून नाही, एकतर्फी. वाटाघाटीला बसलेल्या अब्बासना (पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे, म्हणजे वेस्ट बँकेतल्या मर्यादित पॅलेस्टिनी सरकारचे अध्यक्ष) आपल्या लोकांना दाखवायला काही मिळालं नाही. गाझा आमच्या बंदुकीमुळे सुटलं, असं सांगायला हमास मोकळी झाली.

आणि त्या वेळी उत्तर वेस्ट बँकेतल्या ज्या चार वसाहती उठवल्या होत्या (होमेश त्यातलीच), तिथे परत जायची बंदी इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, मार्च २०२३ मध्ये काढून टाकली.

सातबारा_वाली | १२:१५

मी जमिनीच्या दाव्यांत काम करते, त्यामुळे या विषयात माझं लक्ष कायम कायद्याच्या बाजूला जातं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

१९६७ च्या युद्धानंतर तीन महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी लेखी मत दिलं होतं की जिंकलेल्या भागात नागरी वस्ती बसवणं चौथ्या जिनिव्हा कराराच्या (युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या) विरुद्ध आहे. हे मत बाहेरच्या कोणाचं नव्हतं, सरकारच्याच माणसाचं होतं. त्याच महिन्यात क्फार एत्झिऑन ही वेस्ट बँकेतली पहिली वसाहत उभी राहिली.

सुरुवातीची पद्धत अशी होती की सैन्याची गरज म्हणून खासगी जमीन ताब्यात घ्यायची आणि तिथे वस्ती बसवायची. १९७९ मध्ये नाब्लुसजवळच्या रुजैब गावचे शेतकरी सुप्रीम कोर्टात गेले. एलोन मोरे नावाची वसाहत त्यांच्या शेतात उभी राहत होती. माजी लष्करप्रमुख हाइम बार-लेव्ह यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की या जागेचा संरक्षणाशी संबंध नाही. सेटलरांनी स्वतःच कोर्टाला सांगितलं की आम्ही इथे संरक्षणासाठी आलेलो नाही, ही भूमी देवाने आम्हाला दिलेली आहे. कोर्टाने वसाहत उठवायला लावली. शेतकरी जिंकले.

आणि तिथूनच खरी गडबड सुरू झाली. सरकारने खासगी जमिनीचा नाद कमी केला आणि १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा बाहेर काढला. त्यात सलग तीन वर्षं न कसलेली जमीन सरकारजमा करता येते. आणखी एक प्रकार आहे मवात, म्हणजे पडीक. ती कशी ठरवायची? वस्तीच्या कडेला उभं राहून मोठ्याने हाक मारायची, जिथे ती ऐकू येत नाही तिथून पुढची मवात. डोंगराळ भागात खडकाळ उतारावर कोण दरवर्षी नांगर धरणार? आपल्याकडे सातबाऱ्यावर जशी पोटखराबा आणि पड जमीन मालकाच्याच नावावर असते, तसं तिथे समजलं जात नाही. त्यात १९६८ मध्ये इस्रायलने जमीन नोंदणीचं काम थांबवलं, तेव्हा वेस्ट बँकेतल्या साधारण एक तृतीयांश जमिनीचीच पक्की नोंद झालेली होती. बाकीच्यांकडे वहिवाट आणि कर भरल्याच्या पावत्या. अशा कागदांवर सरकारशी भांडणं किती अवघड असतं ते मी रोज बघते.

म्हणून दत्ताजी, पुढाऱ्यांनी काय नाकारलं ही चर्चा जरूर करा, पण रुजैबच्या शेजारच्या गावातला शेतकरी कुठल्याच वाटाघाटीच्या टेबलावर नव्हता. त्याची जमीन मात्र दर वर्षी कमी होत गेली.

पेणचा_बाप्पा | १२:३१

हाक ऐकू येण्याचा नियम असता तर आमच्या आजीच्या नावावर अख्खा पेण तालुका झाला असता.

उत्तम प्रतिसाद, सातबारा_वाली. हे कुठेच वाचलं नव्हतं.

वसईची_लेक | दुपारी २:०५

आमच्या पॅरिशमधून पवित्र भूमीची यात्रा निघते, कोविडच्या आदल्या वर्षी मी आईबाबांबरोबर गेले होते. सह्यवाराने नकाशाचं लिहिलंय, मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते.

जेरुसलेमहून बेथलेहेम इतकं जवळ आहे की बसमध्ये एक रोझरी पूर्ण होईपर्यंत आपण पोचतो. मध्ये भिंत. मोठा लाल फलक, हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत: पुढे अ विभाग (पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या ताब्यातला भाग) आहे, इस्रायली नागरिकांना प्रवेश नाही, जिवाला धोका आहे. आमचा इस्रायली गाइड तिथे उतरला आणि पलीकडे बेथलेहेमचा पॅलेस्टिनी ख्रिस्ती गाइड चढला. जाताना कोणी अडवलं नाही. येताना मात्र दोन कोवळ्या पोरांनी बंदुका घेऊन बसमध्ये येऊन सगळ्यांचे पासपोर्ट पाहिले. आपले पासपोर्ट पाहून ती हसली आणि उतरली. आमचा पॅलेस्टिनी गाइड आधीच उतरला होता. ईस्टरला जेरुसलेमच्या चर्चमध्ये जायचं तर त्याला परवाना लागतो. कधी त्याला मिळतो आणि बायकोला मिळत नाही, असं त्याने सांगितलं. घरापासून ते चर्च दहाएक किलोमीटरवर.

बेत सहूरला मेंढपाळांचं शेत आहे, जिथे देवदूतांनी येशूजन्माची वार्ता दिली असं मानतात. तिथल्या अंगणातून समोर एक डोंगर दिसतो, वरपासून खालपर्यंत एकसारख्या पांढऱ्या इमारतींनी झाकलेला. ती हार होमा वसाहत. १९९७ मध्ये बांधायला सुरुवात झाली. त्याआधी तिथे पाइनचं दाट जंगल होतं, गाइड लहानपणी तिथे सहलीला जायचा. बेथलेहेमच्या घरांवर काळ्या टाक्या रांगेने दिसतात कारण पाणी रोज येत नाही, साठवावं लागतं. समोरच्या डोंगरावर एकही टाकी नव्हती. आईने ते बरोबर हेरलं, आमच्याकडे गावात पाण्याची तीच तऱ्हा.

मला राजकारण फार कळत नाही. पण बेथलेहेमला वाढायला जागा राहिलेली नाही हे कोणालाही दिसेल.

मधुरा_ठा | २:२०

वसईची_लेक, अंगावर आलं वाचताना. सविस्तर लिही ना यात्रेचं, वेगळा धागा काढ.

अश्दोदकर | संध्याकाळी ५:४०

शालोम मंडळी. मी बेने इस्रायल. आईचं माहेर रेवदंडा, आजोबा अलिबागच्या सिनेगॉगात जायचे. जन्मापासून इथेच आहे, पण घरात मराठीच.

आधी एक सांगतो. आमची माणसं पन्नास-साठच्या दशकांत आली तेव्हा सरकारने दिमोना, बेरशेवा, लोद, अश्दोद अशा ठिकाणी पाठवली. ही सगळी हिरव्या रेषेच्या, म्हणजे १९६७ च्या युद्धाआधीच्या सीमेच्या, आतली गावं. आमच्याच ज्यू असण्यावर रब्बींनी शंका घेतली, १९६४ पर्यंत त्यासाठी भांडावं लागलं. त्यामुळे कोण इथला आणि कोण नाही हे दुसऱ्याने ठरवलं की कसं वाटतं ते आम्हाला सांगावं लागत नाही. (भारतातूनच आलेल्या मणिपूर-मिझोरामच्या बनेई मनाशे लोकांपैकी बऱ्याच जणांना मात्र किर्यात अर्बासारख्या वसाहतींत बसवलं गेलं. त्यांच्यातल्या कित्येकांना आपण कुठल्या वादात येऊन पडलोय याची कल्पना नव्हती.)

आता मुद्दा. सगळे सेटलर एका माळेचे मणी नाहीत. वेस्ट बँकेतल्या सगळ्यात मोठ्या दोन वसाहती, मोदीइन इल्लित आणि बेतार इल्लित, या हरेदींच्या, म्हणजे कर्मठ धार्मिक लोकांच्या. घरात सात-आठ मुलं, जेरुसलेमला घर परवडत नाही, इथे सरकार स्वस्तात देतं. म्हणून ते गेले. दोन्ही हिरव्या रेषेला चिकटून आहेत. उद्या जमिनीची अदलाबदल झाली तर त्या इस्रायलमध्ये ठेवून तेवढी जमीन दुसरीकडून देता येईल. अडचण आत खोलवर बसलेल्यांची आहे. स्मोट्रिच केदुमिममध्ये राहतो, दुसरा मंत्री बेन ग्वीर किर्यात अर्बात. आणि नवीन प्रकार आहे डोंगरावरच्या चौक्यांचा. एक कुटुंब, चार पोरं, मेंढ्यांचा कळप. घरं थोडी, पण कळप फिरवून मैलोन् मैल कुरण ताब्यात घेतात, शेजारच्या पॅलेस्टिनी मेंढपाळाला मारहाण करून हुसकतात. हे माझ्याच देशात, माझ्याच करातून मिळणाऱ्या संरक्षणाखाली चाललंय. मला त्याची लाज वाटते आणि मी ते इथेही मोठ्याने बोलतो.

पण दत्ताभाऊ म्हणतात ती भीतीही खरी आहे. ७ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाला सायरन झाला तेव्हा नातीला घेऊन आम्ही घरातल्या सुरक्षित खोलीत बसलो होतो. माझ्या गल्लीत त्या दिवसाआधी इस्रायलशेजारी पॅलेस्टाईन, अशा दोन राष्ट्रांच्या बाजूने मत देणारे होते, आज ते तोंडातून शब्द काढत नाहीत.

निळूभाऊ_जळगाव | ६:१५

अश्दोदकर, मनापासून लिहिलंत. एक विचारतो, उद्या करार झालाच तर ही माणसं उठतील का?

अश्दोदकर | ७:०२

१९८२ मध्ये सिनाईतलं यामित गाव उठवलं, तेही बेगिनसारख्या कट्टर उजव्या पंतप्रधानाने, कारण समोर इजिप्तशी तह होता. २००५ तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे होऊ शकतं. पण तेव्हा माणसं हजारांत होती. आता मोठे गट अदलाबदलीत ठेवले तरी लाखाहून जास्त लोक हलवावे लागतील. आणि त्यांना हलवायला जे सैन्य जाईल त्यातले कित्येक अधिकारी त्याच वसाहतींत वाढलेले.

ओल्मर्टचं सांगायचं तर त्याने २००८ मध्ये अब्बासना नकाशा दाखवला, पण सही केल्याशिवाय प्रत देईना. अब्बासनी नंतर तो आठवणीने कागदावर काढला. ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या आरोपांत अडकून पायउतार व्हायच्या बेतात होता. अशा माणसाबरोबर देशाची सीमा ठरवायला अब्बास कचरले, यात मला नवल वाटत नाही. तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी परत यायला हवं होतं, असंही वाटतं.

रोखठोक_७७ | रात्री ८:३०

भारताने यात पडूच नये. इस्रायल आपला मित्र आहे. सावरकरांनी १९४७ मध्येच ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं होतं, नेहरूंनी मात्र विरोधात मत दिलं.

सह्यवारा | ८:५५

रोखठोक, भारताने फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं हे खरं. पण इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर आपण एका संघराज्याची पर्यायी योजनाही मांडली होती, ज्यात दोन्ही समाज एका देशात राहिले असते. नुकतीच स्वतःची फाळणी सोसलेला देश दुसऱ्याच्या फाळणीला हो म्हणाला नाही.

आणि पडूच नये म्हणता, पण आपण केव्हाच पडलोय. १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली. १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. मोदी २०१७ मध्ये इस्रायलला गेले आणि २०१८ मध्ये रामल्लाला. गेल्या सप्टेंबरात बारा महिन्यांत ताबा सोडा असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. या महिन्याच्या १२ तारखेला दोन राष्ट्रांच्या घोषणापत्राला मात्र आपण बाजूने मत दिलं, बाजूने एकूण १४२ देश होते.

संपादक मंडळ | ९:२०

यापुढचे पाच प्रतिसाद काढून टाकले आहेत. भारतातल्या पक्षांची भांडणं इथे नकोत. मूळ विषयावर लिहा.

सिन्नरकर | २४ सप्टेंबर, सकाळी ७:५०

माझा आतेभाऊ सेंट्रिंगच्या कामाला इस्रायलमध्ये आहे. त्याच्यामुळे एक बाजू कळली ती लिहितो.

७ ऑक्टोबरआधी वेस्ट बँकेतून लाखाहून जास्त पॅलेस्टिनी रोज इस्रायलमध्ये आणि वसाहतींत कामाला जायचे, जास्त करून बांधकामावर. ते परवाने एका झटक्यात बंद झाले. त्यांच्या जागी सेंट्रिंग, लोखंड बांधणी, प्लास्टर, टाइल्स अशा कामांना भारतातून भरती झाली. भाऊ म्हणतो, पगार इथल्या कित्येक पट आहे, घराचा स्लॅब त्यावरच पडला. पण साइटवर जुने मुकादम सांगतात की या जागी अमुक गावचा माणूस पंधरा वर्षं काम करायचा, आता तो घरी बसून आहे. भावाला ते लागतं. मार्च महिन्यात तर आपल्या दहा कामगारांना वेस्ट बँकेतल्या अल-झाईम गावात नेऊन पासपोर्ट काढून घेतल्याची बातमी होती, इस्रायली सैनिकांनी सोडवलं. त्या पासपोर्टवर चौकी पार करून इस्रायलमध्ये शिरायचा प्रयत्न झाला होता.

राष्ट्र म्हणायचं तर पोटापाण्याचं काय? पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा सीमाशुल्काचा पैसासुद्धा इस्रायल गोळा करतं आणि मग त्यांना देतं, किंवा अडवून ठेवतं. शिक्षकांना अर्धाच पगार मिळतोय.

दत्ता_नगरकर | ९:१५

सिन्नरकरांनी महत्त्वाचं सांगितलं. मी त्यात भर घालतो. प्राधिकरणाची स्वतःची अवस्थाही बघा. अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, अजून तेच आहेत. संसदेची निवडणूक २००६ नंतर झालीच नाही. २०२१ ची जाहीर करून पुढे ढकलली. असं सरकार करार करेल आणि लोक तो मानतील, ही खात्री कोण देणार?

आणि वसाहती चुकीच्या आहेत हे मला मान्य आहे, विशेषतः त्या मेंढ्यांवाल्या चौक्या. माझं म्हणणं क्रमाचं आहे. आधी सुरक्षेची हमी, मग माघार.

सातबारा_वाली | १०:४०

दत्ताजी, क्रम उलटा लावून तीस वर्षं झाली. ओस्लोत वेस्ट बँकेचे तीन भाग केले ते पाच वर्षांच्या तात्पुरत्या सोयीसाठी. प्राधिकरणाकडे पूर्ण किंवा अर्धा कारभार असलेले अ आणि ब मिळून चाळीस टक्के, तेही दीडशेहून जास्त तुटक्या तुकड्यांत. क भाग साठ टक्के, सगळा सलग, पूर्ण इस्रायलच्या हातात. वसाहती त्यातच आहेत आणि पॅलेस्टिनी माणसाला तिथे घराचा परवाना जवळपास मिळतच नाही. तात्पुरतं असताना एक बाजू बांधत राहिली आणि दुसरीची घरं विनापरवाना म्हणून पडत राहिली. हमीची वाट बघत आणखी दहा वर्षं काढली तर माघार घ्यायला उरेल काय?

फिरस्ता | ११:०५

मग एकच राष्ट्र करा, सगळ्यांना मताचा हक्क. जॉर्डन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत सत्तर लाखांच्या आसपास ज्यू आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी आहेत.

अश्दोदकर | दुपारी १२:३०

फिरस्ता, ऐकायला न्याय्य आहे. पण इथे दोघांपैकी एकही बाजू दुसऱ्याच्या बहुमताखाली राहायला तयार नाही. आज प्रत्यक्षात एकच राज्य आहे, त्यात एकाला मत आहे आणि दुसऱ्याला नाही. तुम्ही म्हणता ते होण्याऐवजी हेच कायमचं होईल, अशी मला धास्ती आहे.

सह्यवारा | सायंकाळी ६:१०

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण निळूभाऊंनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की मग तुझ्या मते करायचं काय.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघातून आलेल्या ज्यूंना वसवायला इस्रायलला दहा अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी अमेरिकेकडून हवी होती. थोरल्या बुशनी सांगितलं, आधी वसाहती थांबवा. पंतप्रधान शामिर अडून बसले. १९९२ च्या जूनमध्ये ते निवडणूक हरले आणि राबिन आले, ओस्लो त्यानंतरचं. एकट्या या कारणाने हरले असं मी म्हणत नाही, पण वसाहतींची किंमत घरखर्चात दिसते हे मतदाराला तेव्हा कळलं. आता ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नॉर्वे यांनी जूनमध्ये स्मोट्रिच आणि बेन ग्वीर यांच्यावर निर्बंध घातले. दोन माणसांवर. वसाहतींतून होणारा व्यापार आणि तिथे बांधकामाला कर्ज देणाऱ्या बँका यांना हात लावला तर मी म्हणेन मान्यतेमागे काही दम आहे.

सातबारा_वाली | ६:४८

सह्यवारा, १९९१ चं उदाहरण चांगलं आहे, फक्त ते पूर्ण सांगू. राबिन आल्यावर काही आठवड्यांत ती हमी मंजूर झाली. वसाहतींवरचा खर्च त्यातून वजा होणार होता, तसा झालाही. तरी सुरू असलेली हजारो घरं पूर्ण करायची सूट मिळाली आणि वाढत्या कुटुंबांसाठी म्हणून पुढचीही बांधली गेली. किंमत लावणं पुरत नाही, ती शेवटपर्यंत वसूल करावी लागते.

अश्दोदकर | ७:२५

दोघांनाही दुजोरा. आमच्याकडे २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत निवडणूक घ्यावीच लागेल. विरोधी पक्षांपैकीही कोणी ई-१ रद्द करू असं म्हणत नाहीये, निदान मला ऐकू आलेलं नाही. तिथल्या खान अल-अहमर वस्तीतल्या बदाऊनांना (अरब मेंढपाळांना) हलवायचा प्रयत्न कित्येक वर्षं चाललाय आणि बाहेरच्या देशांनी दम दिला म्हणूनच आजवर थांबलाय. ते गाव जागेवर राहिलं तर समजा बाहेरचा दबाव अजून काम करतोय. काही हालचाल झाली तर मी इथेच लिहीन.